दर अक्षरी

वेदरक्लफच्या वेशीवरची पाटी मी रंगवली.
हिरव्यावर पांढरं: ‘न्याय्य व्यापाराचं गाव’.
त्याआधी तिथे नुसतं नाव होतं
आणि खाली, ‘गाडी सावकाश हाका’.
हाकायला गाड्या होत्याच कुठे?
नवा रस्ता डोंगराबाहेरून गेला, तेव्हापासून
आमच्याकडे यायचं तर माणसाला
आधी वाट चुकावी लागे.

गिरणी बंद. धुराडं तेवढं उभं,
कबुतरांच्या उपयोगाचं.
मिसेस एन्टव्हिसलच्या चहाच्या दुकानात
आठवड्याला एक केक कापला जाई,
उरलेला शनिवारी तिचा कुत्रा खाई.

खूळ तिनंच काढलं.
बैठकीत साखरेची पुडी टेबलावर आपटून म्हणाली,
ही ज्यानं पिकवली त्याच्या हातात काय पडलं, सांगा.
कुणालाच सांगता येईना.
ऑस्वल्ड खाटीक म्हणाला, मेंढीचं विचार, सांगतो.
मेंढीचं सगळ्यांनाच ठाऊक होतं.
दुधाचंही: मोठी दुकानं
पाण्याच्या भावानं नेत होती,
वर कॅन धुऊन मागत होती.
म्हणून हात वर झाले. दयेनं नव्हे.
ज्याच्या अंगठ्याला ठेच लागलीय
तो दुसऱ्याच्या पायाकडे बघतो, तितपतच.

पाटीचं काम माझ्याकडे आलं.
मी अक्षरामागे चार पौंड घेतो.
खजिनदार क्लेग चष्मा पुसत म्हणाला,
“तीन कर. गावचं काम आहे.”
मी ब्रश खाली ठेवला.
“काय लिहायचंय, ते एकदा मोठ्यानं वाच.”
त्यानं वाचलं.
भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.
चारच मिळाले.

पहिल्या उन्हाळ्यात आले दोन सायकलवाले,
चुकूनच. पाटीचा फोटो काढून गेले.
मग हॉलंडच्या निवृत्त मास्तरांची बस,
मग एक अख्खी शाळा, डबे-छत्र्यांसकट.
पाटीला टेकून उभे राहतात,
एक अक्षर माझं जरा कललंय
ते सोडून बाकी सगळी झाकतात.

सगळे चांगुलपणासाठी येतात असं नाही हं.
कुणी पाय मोकळे करायला, कुणी शौचालय शोधत.
पण कप हातात आला की विचारतात, हा चहा कुठला?
आणि दूध? दूध त्या कुंपणापलीकडचं,
ती काळी-पांढरी उभी आहे ना, तिचं.
मग कुंपणापर्यंत चालत जातात.
परत येईतो भूक लागते.
ऑस्वल्डचे पाय संपतात. अंधार पडतो.
गिरणीत आता सहा खोल्या आहेत, उशा चांगल्या आहेत.
कुत्र्याला मात्र केक मिळत नाही,
त्याचं या सगळ्याबद्दल वेगळं मत असावं.

मार्चमध्ये, गारठ्यात, घानाहून आफ्रिये आली.
तिच्या कोकोचं चॉकलेट आम्ही विकतो.
उसने बूट घालून पाटीपाशी थांबली,
बोटानं रंग चाचपला, माझ्या बायकोनंही
कधी इतका चाचपला नसेल.
“पोत्यावर आमचा नंबर असतो,” म्हणाली,
“गावाचं नाव नसतं.”
मला काय वाटलं कुणास ठाऊक,
म्हटलं, लिहून देतो खाली. फुकट.

तिनं पाकीट काढलं.
“फुकट नको. दर सांग.”

आसुबोने. इंग्रजीत सात अक्षरं, अठ्ठावीस पौंड.
मोजून दिले, नाणी धरून.
मी घेतले. कान गरम झाले होते, तरी घेतले.
उभ्या जन्मात इतकं सरळ अक्षर
माझ्या हातून उतरलं नव्हतं.

आता मोठ्या पाटीखाली ती छोटी पाटी आहे,
दक्षिणेकडे बाण. बाणाचे मी लावले नाहीत.
प्रवासी विचारतात, हे गाव किती लांब?
मी सांगतो, दिशा बरोबर आहे.
अंतर लिहिलेलं नाही,
आकड्यांचं आमचं बोलणं झालं नव्हतं.